उन्हाळ्यात कोरल पुन्हा पुन्हा मिटतात? आधी पाण्याची रेघ बघा

तक्रार थोड्याफार फरकानं सगळ्यांची एकच असते. खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी, क्लाउनफिशची जोडी, खडकावर झोआंचे (फुलासारखी उमलणारी मऊ कोरल) दोन-तीन झुपके आणि एखादं मश्रूम कोरल. दिवाळीनंतर टाकी लावली, संक्रांतीपर्यंत सगळं झकास. होळी पेटली की कुरबुर सुरू. रविवारी पाणी बदललं की सोमवारी झोआ फुलतात, बुधवारपर्यंत मिटतात. पुन्हा पाणी घातलं की पुन्हा एक-दोन दिवस बरे, पुन्हा मिटले. मग कोणी लाइट बदलतं, कोणी बाटलीतलं औषध आणतं, कोणी दुकानदाराला फोन करून भांडतं. आखाजी (अक्षय तृतीया) येईपर्यंत खडक उघडाबोडका झालेला असतो.

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठूनही विचारा, दुखणं हेच आणि महिनेही हेच. म्हणून इथे या एकाच दुखण्याबद्दल लिहितोय. टाकीची सायकलच पूर्ण झालेली नसेल, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला लागणारे चार-सहा आठवडे न थांबता मासे सोडले असतील, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. आधी ते निस्तरा.

मासे ठणठणीत आणि कोरल मिटलेले, याचा अर्थ

ही खूण फार उपयोगाची आहे. प्राणवायू कमी पडला असता किंवा अमोनिया चढला असता, तर मासे आधी वर येऊन तोंड मारू लागले असते. समुद्री माशाला कल्ले आणि मूत्रपिंडाच्या जोरावर अंगातलं मीठ आटोक्यात ठेवता येतं. कोरलला ती सोय नाही. बाहेरचं पाणी जितकं खारं, तितकंच त्याच्या पेशींनाही व्हावं लागतं. त्यामुळे पाण्यातल्या मिठानं झोका घेतला की मासा निवांत फिरत राहतो आणि कोरल अंग चोरून बसतं.

पाणी घातल्यावर बरं आणि मग रोज थोडं थोडं बिघडत जाणं, याचाही अर्थ सरळ आहे. टाकीत काहीतरी साचतंय. एप्रिलच्या खान्देशात सगळ्यात लवकर साचतं ते मीठ, कारण उडून जातं ते फक्त पाणी.

हिशेब करून बघा. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे कागदावर ५६ लिटर. खडक-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५०च्या आत-बाहेर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण १.८ लिटर गेलं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, वरून पंखा लावलेला असेल तर दिवसाला दोन लिटर सहज उडतात. तीन दिवसांत सहा लिटर गेले की ५०चे ४४ उरले, आणि ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) असलेली सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, जवळपास ४० झाली. मग तुम्ही बादलीभर गोडं पाणी ओतता आणि पाच मिनिटांत ती परत ३५. कोरलच्या दृष्टीनं हा चढ आणि ही आपटी, दोन्ही वाईट. त्यातही आपटी जास्त.

कोणी म्हणेल, तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला सॅलिनिटी ४०च असते आणि तिथे तर सुरेख कोरल आहेत. बरोबर. पण तिथे ती बारा महिने ४० असते. तिथलं कोरल त्याच पाण्यात वाढलेलं असतं, त्याला बुधवार-रविवार नसतो.

याच गोंधळातून दुसरा गोंधळ उभा राहतो. पाणी आटलं की मिठाबरोबर सगळंच दाट होतं. ८ असलेली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) किटवर ९ च्या वर दिसते, कॅल्शियम चढलेलं दिसतं, नायट्रेटसुद्धा. म्हणून सॅलिनिटी मोजल्याशिवाय बाकीची किटं उघडूच नका. नसलेल्या रोगावर औषध चालू होतं.

मोजायचं कधी आणि कशानं

काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारा किंवा चिकटपट्टी लावा. फुकटातलं उपकरण आहे आणि खोटं बोलत नाही.

मग रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणारं यंत्र. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर असेल तर तो पोरांना खेळायला द्या, त्याच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. पण रिफ्रॅक्टोमीटरचीही आपल्याकडे एक गोची आहे, आणि ती मुंबई-पुण्याच्या लोकांना सहसा भोगावी लागत नाही. त्याच्यावर तापमान आपोआप सांभाळलं जातं असं लिहिलेलं असतं, पण ते बहुधा १० ते ३० अंशांपुरतं. मे महिन्यात दुपारी तीनला वरच्या मजल्यावरची खोली ३८ अंशांवर असते. त्या वेळी दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून काही करू नका. भल्या पहाटे मोजा, किंवा रात्री कूलर लावलेल्या खोलीत यंत्र अर्धा तास ठेवून मग मोजा.

शून्य जुळवायला आरओचं पाणी सगळेच वापरतात, पण आपल्याला मोजायचंय ३५. म्हणून ३५ वर तपासणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठीचं द्रावण विकत मिळतं. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. या द्रावणातून प्रकाश जितका वळतो तितकाच ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यातून वळतो. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लागेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळत नाही.

तीन दिवस सकाळ-रात्र सॅलिनिटी आणि दुपारी चारला टाकीचं तापमान, एवढं वहीत लिहा. सॅलिनिटी सकाळी ३५ आणि रात्री ३६ च्या पुढे जात असेल तर चोर सापडला. सॅलिनिटी स्थिर आणि तापमान दुपारी ३० च्या वर असेल तर उपाय पंख्यापासून सुरू होतो. बहुतेकांच्या वहीत दोन्ही सापडतात.

पंखा हाच उपाय आणि पंखा हेच कारण

टाकी २५-२६ अंशांवर ठेवायची. २९ च्या वर ती दिवसेंदिवस राहिली की कोरल थकतात, त्यांच्यातली शेवाळं निघून जातात आणि ती पांढरी पडतात. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, हा सरळ उपाय आहे. पण तो महाग आहे, वीज खातो आणि टाकीतली सगळी उष्णता त्याच खोलीत ओततो. दोन फुटी टाकीसाठी मी कोणाला चिलर घ्यायला सांगत नाही. आपल्या हवेत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लावतात तसे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे, पाण्यावर तिरके मारा करतील असे लावले, की एप्रिल-मेमध्ये टाकी तीन-चार अंश आरामात उतरते.

का उतरते ते कळलं की पुढचं सगळं कळतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. बाहेरून नवी उष्णता आलीच नाही असं धरलं, तर एवढ्यात ५० लिटरची टाकी ११-१२ अंश थंड होईल. याउलट एक लिटर बर्फ टाकीत वितळून टाकीइतकं कोमट होईपर्यंत जेमतेम ४५० किलोज्यूल घेतो, म्हणजे दोन अंशांच्या आसपास. त्यामुळे गोठवलेल्या बाटल्या टाकण्याच्या भानगडीत रोज पडू नका. वीज गेल्यावर अडीनडीला अर्ध्या लिटरची घट्ट बंद बाटली ठीक, तिनं टाकी अंशभर उतरते.

पण वाफ करूनच गारवा येतोय, म्हणजे पंखा जितका चांगला तितकं मीठ दाट. पंखा लावला आणि पाण्याची सोय केली नाही, की उष्णतेचा त्रास मिठाच्या त्रासात बदलतो. होळीनंतर सुरू होणारी कुरबुर बहुतेक घरांत इथूनच येते. पंखा आणि भरपाईचं पाणी ही एकच वस्तू समजा.

टाकीवर काचेचं झाकण असेल तर काढा आणि मासे उडू नयेत म्हणून जाळी बसवा. खोलीतला मोठा कूलर थेट टाकीवर मारू नका. कूलर खोली थंड करतो ते चांगलंच, पण तो दुपारी चालू आणि रात्री बंद असेल तर टाकी दिवसातून दोनदा वर-खाली होते. टाकी आणि कूलर समोरासमोरच्या भिंतींना ठेवा. आणि हो, मच्छर पळवणारी वडी किंवा फवारा त्या खोलीत नको. त्यातली औषधं झिंगे, खेकडे आणि माशांना फार लवकर मारतात. नगरपालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडकी लावून घ्या आणि हवेचा पंप बंद ठेवा.

भरपाईचं पाणी कोणतं?

यावलच्या एका सरांनी विचारलं होतं, "भाऊ, उडालेल्या पाण्याच्या जागी मी रोज मीठ घालून केलेलं पाणीच टाकतो, तरी का मिटतात?" सर, म्हणूनच मिटतात. मीठ उडालेलंच नाही. उडालेल्याच्या जागी गोडं पाणी जातं, खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

आता गोडं म्हणजे कोणतं? बोअरचं नको, नळाचं नको, टँकरचं तर नकोच. कूलरच्या ताट्यांवर मेअखेर जो पांढरा खरखरीत थर चढतो, तो बघा. पाणी उडालं, क्षार राहिले. तुमच्या टाकीत बोअरचं पाणी टाकलं की हेच होतं, फक्त दिसत नाही. त्यात नायट्रेटची भर. केळी-कापसाच्या पट्ट्यात शेतात खत पडतं आणि ते विहिरी-बोअरपर्यंत झिरपतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसाला चालणारं, मर्यादेत बसणारं पाणी रोज दोन लिटर घातलं तरी ५० लिटरच्या टाकीत महिन्याला ५० च्या वर नायट्रेट वाढू शकतं. रीफ टाकीत, म्हणजे कोरलच्या टाकीत, ते दहाच्या आत असलेलं बरं. काचेवरचं तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ कुठून येतं, याचं उत्तर पुष्कळदा बोअरच्या पाइपात असतं.

"आमच्याकडे आरओ आहे" असं म्हणून थांबू नका. घरच्या आरओत दोन सापळे असतात. पहिला म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस. पाण्याला चव यावी म्हणून ते थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं, म्हणून नळीतून १० ऐवजी ८०-१०० टीडीएसचं पाणी येतं. दुसरा सापळा जीवघेणा आहे. हल्ली पाण्यात तांबं सोडणारं काडतूस असलेले आरओ घरोघर आहेत. तांबं माणसाला औषध वाटत असेल, कोरल, झिंगे आणि गोगलगायींना ते विष आहे, अगदी थोडं असलं तरी. ते खडकातही मुरतं आणि नंतर काढता येत नाही. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणारा आरओचा पडदा) लगेच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, जोडून घ्या, म्हणजे पाणी ही काडतुसं आणि साठवणीची टाकी गाठायच्या आधीच बाहेर निघेल. त्याच्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारे दाणे) छोटं भांडं लावलं की टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवा. मीटर स्वस्त असतो, घ्याच. शून्याचे ५ झाले की रेझिन बदला.

वाया जाणारं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना किंवा धुण्याला द्या. आपल्या भागात आरओचं पाणी मोरीत सोडलेलं घरातली माणसं खपवून घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

थेंबाथेंबानं

बादलीनं भरपाई करू नका. ऑटो टॉप-ऑफ यंत्र मिळतं, सेन्सरवर चालतं, परवडत असेल तर छानच. नाहीतर मेडिकलवरून नवा सलाइन सेट आणा. सुई काढून टाका. दोन लिटरचा प्लॅस्टिकचा डबा टाकीच्या वर फळीवर ठेवा आणि नळीचं टोक वेव्हमेकरच्या (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) प्रवाहापाशी सोडा. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. चोवीस तासांत दोन लिटर जायला मिनिटाला २८ थेंब बसतात. घड्याळ लावून नळीवरचं चाक फिरवा, मग काचेवरची रेघ बघून कमी-जास्त करा.

डब्यात त्या दिवसाचंच पाणी भरायचं, हे काटेकोर पाळा. वीस लिटरचा जार जोडला आणि चाक सैल झालं, तर सकाळी सॅलिनिटी ३० च्या खाली आणि जमिनीवर तळं. दोन लिटरच्या डब्यानं जास्तीत जास्त दोन लिटरचीच चूक होते.

सॅलिनिटी आधीच ३९-४० असेल तर घाईनं उतरवू नका. रोज एक पीपीटी पुरे. पातळी रेघेवर असूनही सॅलिनिटी जास्त असेल, म्हणजे खाऱ्या पाण्यानं भरपाई होत आली असेल, तर ५० लिटरच्या टाकीतून सव्वा लिटर पाणी काढून तेवढंच आरओचं पाणी थेंबाथेंबानं सोडा, की साधारण एक पीपीटी उतरते. चार-पाच दिवस लागतील. या दिवसांत दुसरं काहीही बदलू नका, लाइटसुद्धा नाही.

झोआ हाताळताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. मेलेले झोआ चिकटलेला खडक स्वच्छ करायला म्हणून कधीही उकळू नका, त्याच्या वाफेनं घरची माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. आणि निम्मी टाकी रिकामी झाली म्हणून नवं कोरल आणणार असाल तर बिल आणि कागदपत्रं मागा. भारतीय समुद्रातली कठीण सांगाड्याची कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला कोरलचा तुकडा मुंबईहून गाडीत घालून आणणं हा गुन्हा आहे. कोरडा खडक आणि टाकीत वाढवलेली मऊ कोरल, यात नवशिक्याचं भागतं.

वीज गेली तर

दुपारी वीज जाते तेव्हा पंखा, वेव्हमेकर, सगळंच थांबतं. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२. फरक छोटा वाटतो, पण गरम पाण्यात सगळ्यांची प्राणवायूची भूक वाढलेली असते आणि पाणी हलत नसतं. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर घ्या, त्याला मोजकेच वॅट लागतात. मग पंखे. लाइट नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवा.

लाइटची वेळही बदला. उन्हाळ्यात दुपारी बारा ते आठ लाइट चालवण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी पाच ते रात्री बारा ठेवा. कोरलला सूर्य किती वाजता उगवला याच्याशी घेणं नाही, आणि तुम्हीही संध्याकाळीच घरी असता.

पावसाळा आणि थंडी

मृगाचा पाऊस पडला की टाकीचं वागणं बदलतं आणि पुष्कळ जण इथे पुन्हा फसतात. हवा ओली झाली की पाणी उडत नाही आणि पंखा नुसता फिरतो. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जो आकडा दाखवतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हा आकडा २८ च्या जवळ येतो. मेमध्ये टाकी २६ वर ठेवणारा पंखा कानबाईच्या दिवसांत, म्हणजे श्रावणात, २८-२९ वर अडकलेला दिसेल. त्याला खराब समजून बदलू नका. दुपारी लाइट बंद, खिडकी उघडी, माशांना खाणं थोडं कमी, एवढं पुरतं. पण मिनिटाला २८ थेंब तसेच चालू राहिले तर आता उलटं होईल, पाणी गोडं होत जाईल आणि कोरल पुन्हा मिटतील. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज रेघ बघून चाक आवळत जा.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्रीचा पारा एक आकडी होतो. १०० वॅटचा हीटर २५ वर लावा आणि पंखे काढून ठेवा. सलाइन सेट मात्र काढू नका. थंडीची हवाही कोरडीच असते आणि कोमट पाण्यावरून ती जाताना पाणी उडतंच. मिनिटाला १२-१४ थेंबांपासून सुरुवात करून बघा.